बांधावरचं भांडण कोर्टात कसं मिटवायचं

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात बांधावरून चुलतभावाशी जुंपली. मी त्याची बैलगाडी अडवली, शिव्या दिल्या, एक थोबाडीतही हाणली. केस झाली. पुढं पंचांनी मिटवलं, शंभराच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या, चहा झाला. संपलं समजून मी तारखेला गेलोच नाही. घरी वॉरंट आलं.

स्टॅम्प गावापुरता. कोर्टात ‘राजी’, म्हणजे तडजोड, नोंदवावी लागते.

आधी एफआयआरची नक्कल काढून कलमं बघा. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेची, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची, कलमं लागतात. त्यातलं कुठलं मिटतं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (खटला कसा चालवायचा तो कायदा) कलम ३५९ मधल्या दोन तक्त्यांत आहे. वाट अडवणं १२६(२), साधी मारहाण ११५(२), अपमान ३५२, ही माझी तिन्ही पहिल्या तक्त्यातली. ज्याला त्रास झाला तो राजी, की पुरे. हाड मोडलं असतं तर ११७(२) लागलं असतं, आणि त्याला न्यायाधीशांची परवानगी हवी. कोयता उगारून जखम केली तर ११८(१), ते तक्त्यातच नाही. मग केस रद्द करायला धारवाडला हायकोर्टात त्याच सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज, आणि खर्च. नशीब, त्या दिवशी कोयता घरी होता.

आणखी एक घोळ. तक्रार वहिनीनं दिलेली, म्हणून पंचांनी स्टॅम्पवर तिचीच सही घेतलेली. मार खाल्ला भावानं. राजी त्याचीच लागते. जखमी अठराच्या आतला असेल तर पालक, तेही कोर्टाच्या परवानगीनं.

वकिलांनी आधी वॉरंट रद्द करून घेतलं, मग दोघांच्या सहीचा अर्ज केला. अर्ज कानडीत. बाजारात माझं कानडी चालतं, कागदावर अडखळतं. ‘मराठीत वाचून दाखवा ओ,’ म्हटलं, तेव्हा कळलं की नुकसानभरपाईचा आकडा चुकला होता. सही त्यानंतर.

राजीच्या तारखेला भाऊ स्वतः हजर हवा, आधार कार्ड घेऊन. साहेबांनी त्याला विचारलं, कुणाचा दबाव आहे का? तो माझ्याकडे बघून हसला. माझ्या पोटात गोळा. मग म्हणाला, ‘नाही साहेब, आपखुशीनं.’

अशी राजी म्हणजे कायद्यानं निर्दोष सुटका. हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागा. पोराच्या पासपोर्टला पोलीस चौकशी आली तेव्हा तीच दाखवली. आता ती शेताच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेत आहे. बांध अजून वाकडाच आहे.