गंजका मॅसी १०३५: आधी आत बघा, रंग शेवटी

जुना ट्रॅक्टर गोठ्यामागून बाहेर काढला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "बॅटरी आणून लाव, बघूया तरी हुतोय का चालू." दुसरा त्याच्यावर ताण करतो, "साखळी लावून ओढूया, गिअरात टाकला की सुटतंय इंजिन." दोघांनाही चहा पाजून घरी पाठवा. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात एखादा व्हॉल्व्ह गाईडमध्ये चिकटलेला असतो. जबरदस्तीने क्रँक फिरवला की व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो, नाहीतर उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन येऊन आदळतो. मग हजारातलं काम लाखाकडे जातं.

मी एसटीच्या कार्यशाळेत डिझेल इंजिनांवर नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून शिरोळ तालुक्यात जुने ट्रॅक्टर उभे करून देतो. माझ्याकडे मॅसी फर्ग्युसन १०३५ जास्त येतात आणि नवशिक्यालाही मी तोच सुचवतो. तो बनवणारी टॅफे ही मद्रासची कंपनी, १९६० सालची. इंजिन सिम्पसनचं, तीन सिलिंडरचं, मूळ घराणं पर्किन्सचं. तालुक्याच्या गावातही याचे पिस्टन, रिंगा, गॅस्केट मिळतात. रशियन डीटी-१४ किंवा पोलंडचा जुना उर्सुस हाती लागला तर त्याची ऐट वेगळी, पण एका सीलसाठी चार जिल्हे पालथे घालायची तयारी ठेवा.

पाना हातात घेण्याआधी कागद बघा. चेसिसवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळतो का? बुकावर बँकेचा बोजा अजून चढलेला आहे का? आजोबांनी कर्ज फेडलेलं असतं, पण आरटीओत जाऊन नोंद कमी केलेली नसते. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहनात मोडतो, म्हणून पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. दुसऱ्याकडून विकत घेत असाल तर हे सगळं त्याच्या नावावर असतानाच मिटवून घ्या. पैसे दिल्यावर कुणी आरटीओच्या रांगेत उभं राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. गंज कुठे आहे यापेक्षा पाणी कुठवर गेलं होतं, हे शोधायचं. आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठाला २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आले, त्यामुळे हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो. मालक म्हणतात, "चाकं बुडाली हुती फक्त." तुम्ही मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा. गाळाची बारीक रेघ तिथे वर्षानुवर्षं टिकते. रेघ बेल हाउसिंगच्या (इंजिनमागच्या क्लचच्या पेटीच्या) खाली असेल तर निम्मी काळजी मिटली. गिअर लिव्हरच्या रबरी बुटापर्यंत असेल तर मागच्या हाउसिंगमध्ये (गिअर आणि लिफ्टच्या पेटीत) पाणी आहेच असं धरा. एअर क्लीनरच्या वाटीच्या वर असेल तर सिलिंडरमध्येही. नुसता पावसात उभा असेल तर सायलेन्सर बघा. त्याच्या तोंडावर डबा उपडा घातलेला नसला तर पावसाचं पाणी नळीतून उतरून ज्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला त्या सिलिंडरमध्ये जातं. एकच सिलिंडर जाम आणि बाकीचे दोन ठणठणीत, असं दिसतं ते यामुळेच.

निदान झालं की सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढा. टॅपेट कव्हर उघडा आणि रॉकर शाफ्ट उतरवा. प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर लाकडी दांड्याने हलका ठोका मारा. खाली जाऊन स्प्रिंगने टणकन वर आला की तो सुटा आहे. वर यायला आळस करणाऱ्याच्या दांडीवर तेल सोडा आणि पुन्हा पुन्हा दाबत राहा. पुशरॉड काढून काचेवर फिरवा, वाकडा लगेच कळतो. हे झाल्यावरच सिलिंडरमध्ये नोझलच्या भोकातून मिश्रण ओता. मी अर्धं डिझेल आणि अर्धं पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते पातळ तेल वापरतो. पेल्याएवढं प्रत्येकात. भोकात चिंधीचा बोळा घाला आणि विसरून जा. रोज थोडं टाका आणि पातळी उतरते का बघा. उतरली म्हणजे तेल रिंगांच्या कडेने वाट काढतंय.

फिरवायचं ते हाताने. सेल्फ काढून त्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या दातांना पहारेने हलका रेटा द्या. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. केसभर हलला तरी त्या दिवशी तिथेच थांबा, परत तेल सोडा. पूर्ण फेरा फिरला की नोझलच्या भोकांतून सगळं तेल बाहेर उडेपर्यंत फिरवा. हे टाळून नोझल बसवले आणि सेल्फ मारला तर पिस्टनच्या डोक्यावर अडकलेलं तेल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पंधरा दिवसांतही हलला नाही तर हेड उतरवा. लायनरवर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीवर) नखाला लागेल इतका खड्डा असेल तर नवीन लायनर-पिस्टनशिवाय इलाज नाही. ब्लॉक बोअरिंगला न्यायचा तर आमच्या भागात कोल्हापूरचं उद्यमनगर गाठायचं. तिथले जुने टर्नर बोट फिरवून सांगतात, लायनर राहील की जाईल.

गंजलेल्या नटांबद्दल एकच सांगतो. पान्याला पाइप लावून लोंबकळू नका, स्टड तुटतो आणि मग ड्रिल, टॅप, शिव्या असं सगळं ओघाने येतं. नटाच्या प्रत्येक पैलूवर हातोडीने ठोका मारा. गॅसची ज्योत नटावर धरा, लाल होईपर्यंत नको, थुंकी चर्र होईल इतकंच. मग मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी टेकवा. मेण वितळून आत खेचलं जातं. आता थोडा आवळा, मगच उलटा फिरवा. डिझेल टाकीच्या जवळपास मात्र ज्योत नाही, तिथे तेल आणि सबुरी.

टाकी खाली उतरवा. आतली पापडी काढायला मूठभर नट-बोल्ट किंवा जुनी साखळी आणि थोडं डिझेल घालून हलवत राहा, ओता, परत हलवा. टाकी गळत असेल तर रिकामी आहे म्हणून वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. रेडिएटरवाल्याकडे धुऊन झाळून घ्या. डिझेलचा पंप आणि नोझल पंप-नोझलच्या दुकानात टेस्ट बेंचवर लावून आणा. हे घरी करायचं काम नाही. या इंजिनावर रोटरी पंप असेल तर जुन्या डिझेलचा डिंक होऊन त्याचा मीटरिंग व्हॉल्व्ह आत चिकटून बसलेला असतो. मग स्टॉपची दोरी ओढली तरी इंजिन बंद होत नाही, किंवा काही केल्या चालूच होत नाही.

मॅसीचं खरं मर्म मागच्या हाउसिंगमध्ये आहे. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट, तिघांचं तेल एकच, तीस लिटरच्या वर. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने नांगर आणि ट्रॅक्टर तीन टोकांनी एकजीव केला. नांगरावरचा ओढ वाढला की लिफ्ट आपोआप किंचित उचलते, ही त्याची करामत. या ट्रॅक्टरात लिफ्टचा पंप हाउसिंगच्या आत, तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर, म्हणजे मागे जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावर, चालतो. म्हणून लिफ्ट उचलत नाही अशी तक्रार आली की मी आधी पीटीओचा लिव्हर बघतो. तो सुटलेला असेल तर लिफ्ट मेल्यासारखीच राहणार. यावर कित्येकांनी नवे पंप विकत घेतलेत.

ड्रेन प्लग आधी थोडाच सैल करा. पाणी जड, तळाशी बसलेलं, तेच आधी येतं. मग ताकासारखं पांढरं तेल. हे सगळं सोडून द्या, पण लगेच महागडं नवीन तेल भरू नका. स्वस्त पातळ तेल आणि थोडं डिझेल घालून, मागची चाकं टेकूवर उचलून, हाताने चाक फिरवून घोळवा आणि परत सोडा. पुराचा ट्रॅक्टर असेल तर लिफ्टचं वरचं झाकण काढायलाच हवं. दोन माणसं आणि साखळी-पुली लागते, झाकण जड असतं. आत कोपऱ्यांत गाळ साबणाच्या वड्यांसारखा बसलेला दिसेल. तो हाताने काढा. पंपाची जाळी धुवा, कंट्रोल व्हॉल्व्ह बोटाने सरकतो का बघा. गिअर लिव्हरचा रबरी बूट नवा टाका. थोडक्या पैशांची वस्तू आहे, आणि पावसाचं पाणी तिथूनच आत जातं.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असली तर लगेच ट्रॅक्टर मधून वेगळा करू नका. इंजिन चालू झाल्यावर आणि तापल्यावर, मोकळ्या रानात, क्लच पूर्ण दाबून वरच्या गिअरात ब्रेक मारत चालवा. बहुतेक वेळा सुटते. ब्रेकच्या पट्ट्या तेलाने भिजलेल्या दिसल्या तर दोष पट्ट्यांचा नसतो, एक्सलचं सील गेलेलं असतं. आधी सील. वायरिंग सगळी नवी ओढा, उंदरांनी सोडलेली जोडत बसू नका. मागच्या चाकांत वजनाला पाणी भरलेलं असेल तर टायर उतरवून रिम आतून बघा, व्हॉल्व्हच्या भोकाभोवती ती पापुद्र्यासारखी झालेली असते.

आता गंज उतरवायचं. लोखंडाचे आणि बिडाचे सुटे भाग मी मळीत (साखर कारखान्यातल्या पातळ मोलॅसिसमध्ये) बुडवतो. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, झाकणाचं पिंप. दोन-तीन आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगलं लोखंड जागच्या जागी राहतं. कारखान्याची मळी कॅन भरून सहज आणता येत नाही, तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा पहारा असतो. पशुखाद्याच्या दुकानातली आणा. वास येतो, माशा येतात, बायको बोलते, पिंप घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका, खाऊन टाकेल. बाहेर काढलेला भाग धुऊन, उन्हात वाळवून, त्याच दिवशी तेल किंवा प्रायमर लावा. संध्याकाळपर्यंत ठेवला तरी पिवळा पडतो.

घाई असेल तर बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा. प्लॅस्टिकच्या टबात सोड्याचं पाणी, चार्जरची उणे बाजू गंजलेल्या भागाला, अधिक बाजू एखाद्या भंगार लोखंडी पत्र्याला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. पत्रा स्टेनलेस स्टीलचा कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मीठही घालू नका. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून उघड्यावर करा आणि विडी लांब ठेवा.

बोनेट आणि मडगार्डचा पत्रा ग्राइंडरने सरसकट खरवडायचा मोह होतो. पातळ झालेला पत्रा तेवढ्यानेच फाटतो. वायर ब्रश आणि ओला पॉलिश पेपर बरा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडी धूळ उडवू नका आणि तोंडाला मास्क लावा. कुजलेला तुकडा कापून नवा पत्रा झाळा. पुट्टीने भोकं बुजवणारा रंगारी भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जा. मग रेड ऑक्साइड प्रायमर, त्यावर रंग. पत्र्याला मॅसीचा लाल, इंजिन आणि हाउसिंगला करडा, रिमला रुपेरी. लोक हल्ली इंजिनलाही लाल मारतात, मला ते लग्नातल्या घोड्यासारखं वाटतं. चेसिसच्या नंबरावर आणि इंजिनच्या नंबरपट्टीवर रंग जाऊ देऊ नका, आरटीओत खरवडून दाखवायची वेळ येते. रंगाचं काम दिवाळी ते होळी या काळात करा. आषाढ-श्रावणात मारलेल्या रंगाखाली ओल कोंडते आणि वर्षभरात फोड येतात.

पहिल्यांदा चालू करताना इंजिनला नवं तेल आणि नवे फिल्टर, रेडिएटरला पाणी आणि ऑइल बाथ एअर क्लीनरच्या वाटीत खुणेपर्यंत तेल. टॅपेटची फट थंड इंजिनला ०.३० मिमी. डिझेलची एअर काढायची ती क्रमाने: फीड पंपाचा हात मारत आधी फिल्टरवर, मग पंपाच्या एअर स्क्रूवर, शेवटी सेल्फ मारत नोझलच्या नटांवर. त्याआधी स्टॉपची दोरी ओढून धरून, ऑइल गेजचा काटा हलेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. एका माणसाला जाड फळी घेऊन एअर इनटेकजवळ उभं करा. इंजिन बेफाम सुटलं आणि दोरीने थांबलं नाही, तर एअर क्लीनरची होज ओढून तोंडावर फळी दाबायची, हवा बंद झाली की ते मरतं. हात लावायचा नाही, ओढ भयंकर असते.

निळा-पांढरा धूर थोडा वेळ येणारच, आत मुरलेलं तेल जळतं. अर्ध्या तासाने तो कमी झाला नाही तर रिंगांचा विचार करा. दहाएक तास चालल्यावर इंजिन तेल बदला. हेड उतरवलं असेल तर मॅन्युअलमधल्या क्रमाने बोल्ट पुन्हा आवळा आणि टॅपेट परत तपासा. आधी रिकामी ट्रॉली, मग हलका कल्टिव्हेटर. पीटीओच्या शाफ्टला गार्ड नसेल तर तो बसवल्याशिवाय मागे कुठलंही यंत्र जोडू नका. रोटाव्हेटर तर या वयात त्याला लावूच नका, त्यासाठी भाड्याने दुसरा ट्रॅक्टर बोलवा.