थंड कॅमेरा मागवण्याआधी

दुर्बिणीला लावून आकाशाचे फोटो काढायला, सेन्सर कूलरने थंड ठेवणारा कॅमेरा घ्यायचा असेल, तर आधी दुर्बिणीचं नाभीय अंतर कागदावर लिहा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन २०६ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागा. एका पिक्सेलवर किती आर्क-सेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) आकाश पडतं ते कळेल. सोनीच्या आयएमएक्स ५३३ आणि ५७१ या दोन्ही लोकप्रिय सेन्सरचे पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे आहेत. ४०० मिमीच्या दुर्बिणीवर उत्तर १.९ येतं, झकास. २००० मिमीवर ते ०.३९ होतं, आणि हवेची थरथर एवढे बारकावे टिकूच देत नाही. ५३३ चौकोनी, ९ मेगापिक्सेलचा, कर्ण १६ मिमी; ५७१ चा कर्ण २८ मिमी. तुमची दुर्बीण एवढ्या व्यासाचं वर्तुळ कडेपर्यंत नीट उजळते का, ते विचारून घ्या. ५७१ ची एक फ्रेम ५० एमबीच्या आसपास जाते, तेव्हा लॅपटॉपची डिस्कही बघा.

आता थंडावा. जाहिरातीतला '३५ अंश' हा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा किती खाली जाता येईल तो असतो, आणि तोही कूलर पूर्ण ताकदीवर असताना. कोकणात मे महिन्यात रात्री २८ अंश असतील, तर उणे ७ ला दम संपतो. म्हणून बारा महिने सहज गाठता येईल असं एकच तापमान ठरवा. मी शून्य किंवा उणे ५ सुचवेन. डार्क फ्रेमचा (झाकण लावून काढलेल्या, सेन्सरचा गोंगाट वजा करायच्या फोटोंचा) संच त्याच तापमानाला, त्याच गेनला (सिग्नल वाढवण्याच्या पातळीला) आणि तेवढ्याच एक्स्पोजरला घेऊन ठेवला की तो अनेक महिने चालतो. या नव्या सेन्सरांत उणे २० चा हट्ट धरून फारसं काही हाती लागत नाही. शहराजवळ आकाशाचा उजेडच सेन्सरच्या उष्णतेहून जास्त गोंगाट करतो.

रंगीत की मोनो (कृष्णधवल)? अमावस्येच्या आसपास एखादी रात्र मिळत असेल तर बिनधास्त रंगीत घ्या. मोनोसोबत फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारी चकती) आणि फिल्टरांचा खर्च येतो. मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून ६५६ आणि ५०१ नॅनोमीटर (तेजोमेघातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश) तेवढेच सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर तेजोमेघांना तारतो. दीर्घिकांसाठी मात्र गाव सोडावंच लागतं. सेन्सरपुढची काच अवरक्त किरण अडवते का, तेही वाचा. अडवत नसेल तर भिंगाच्या दुर्बिणीत तारे फुगतात, वेगळा यूव्ही-आयआर कट (अतिनील आणि अवरक्त अडवणारा) फिल्टर लागतो.

फ्लॅटनरपासून (चित्राच्या कडाही नीट फोकस करणाऱ्या भिंगापासून) सेन्सरपर्यंत बहुधा ५५ मिमी लागतात. त्यातले १७.५ मिमी कित्येक कॅमेऱ्यांच्या आतच असतात, उरलेल्यासाठी स्पेसर (अंतर भरणाऱ्या कड्या) कॅमेऱ्याबरोबरच मागवा. २ मिमी जाड फिल्टर मध्ये आला तर साधारण ०.७ मिमी वाढवा.

यूएसबीवर चित्र येतं, कूलर चालत नाही. त्याला १२ व्होल्ट आणि ३ अँपिअरपर्यंत वेगळा पुरवठा हवा. माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) आणि ड्यू हीटर (भिंगावर दव धरू न देणारा पट्टा) धरूनच बॅटरी निवडा.

घरी कॅमेरा ठेवायला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक तयार ठेवा. आणि खरेदी जूनमध्ये नको. वॉरंटीचे पहिले चार महिने ढगांतच जातात.