सुई घालण्याआधी: कडेला भोकं असलेल्या संदर्भ-कार्डांची तयारी

सगळ्यात आधी वही लागते. पंच नाही, सुई नाही, आणि कार्डं तर मुळीच नाहीत. मी नेमकं उलटं केलं होतं. आधी अप्पा बळवंत चौकातून कार्डशीटचा गठ्ठा आणला, मग भोकं पाडून घेतली आणि त्यानंतर कुठलं भोक कशाला द्यायचं याचा विचार करायला बसलो. १४० कार्डांना खाचा पाडून झाल्यावर लक्षात आलं, की तापमानाला मी जागाच ठेवलेली नाही. ती १४० कार्डं सध्या वाणसामानाच्या याद्या लिहायला कामी येतात. पाठीमागे अजून संदर्भ आहेत, त्यामुळे हळद संपली की गंजाविषयीचा एखादा लेखही हाताशी येतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंचकार्ड म्हटलं की हर्मन होलेरिथ या अमेरिकन संशोधकाची यंत्रं आठवतात, १८९० च्या अमेरिकन जनगणनेत वापरलेली. पण ती यंत्रं मोठ्या कचेऱ्यांची. एकट्या संशोधकाला, ज्याच्याकडे हजारभर लेखांचे संदर्भ आहेत आणि एक टेबल आहे, त्याला ती परवडणारी नव्हती. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिका-ब्रिटनमधल्या अशा माणसांसाठी दुसरंच कार्ड होतं. अमेरिकेत ते मॅक्बी कीसॉर्ट या नावाने विकलं जाई, ब्रिटनमध्ये कोप-चॅट म्हणून. मधली जागा लिहायला मोकळी आणि कडांना भोकांची रांग. एखाद्या भोकाचा अर्थ त्या लेखाला लागू असेल तर भोकापासून कडेपर्यंतचा कागद कापून टाकायचा, म्हणजे भोकाची खाच होते. मग गठ्ठ्याच्या त्या भोकातून सुई आरपार घालायची, गठ्ठा उचलायचा आणि सुपात धान्य पाखडतो तसा हलकेच हलवायचा. खाच असलेली कार्डं खाली गळतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. झालं. आणि गळालेली कार्डं काम झाल्यावर खोक्यात कुठेही परत टाकली तरी चालतात. ज्याने कधी अकारविल्हे लावलेली कार्डं एका झटक्यात जमिनीवर सांडली आहेत, त्याला या वाक्याची किंमत कळेल.

आता वही. तिच्यात विषयांची यादी करू नका, प्रश्न लिहा. गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही जुन्या लेखांच्या ढिगात काय काय शोधलंत? माझा विषय पोलादाचा गंज. माझ्या वहीत असे प्रश्न निघाले: खाऱ्या पाण्यातले प्रयोग कुठले? त्यातले किती वाहत्या पाण्यातले? वजन घटल्यावरून गंज मोजला की विद्युत-रासायनिक पद्धतीने? गंज रोखणारं रसायन वापरलं होतं का? ६० अंशांच्या वरचं काही आहे का? (हाच तो राहिलेला.) असे वीस-पंचवीस प्रश्न झाले की त्यांच्यात सारखे येणारे शब्द आपोआप वर येतात, आणि भोकं द्यायची ती त्यांनाच. लेखात काय काय आहे ते सगळं नोंदवायच्या मोहात पडलात तर शंभर भोकंही पुरणार नाहीत. तुम्ही कधीच विचारणार नाही अशा गोष्टीला दिलेलं भोक म्हणजे घरातली बंद खोली. भाडं चालूच राहतं.

या टप्प्यावर आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाली रामामृत रंगनाथन यांची आठवण ठेवलेली बरी. १९३३ च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाला एका लांबलचक साखळीत बसवण्याऐवजी त्याचे पैलू सुटे करायचे असतात: वस्तू कोणती, द्रव्य कोणतं, क्रिया कोणती, कुठे, कधी. कार्डाच्या कडेला हा विचार हातमोज्यासारखा बसतो. 'समुद्राच्या पाण्यातल्या माइल्ड स्टीलवर बेंझोएटचा परिणाम' असं एक भोक करायचं नाही. धातूला एक, माध्यमाला एक, रसायनाला एक. जोड सुईने लावायची.

वहीच्या पुढच्या पानावर कार्डाचा नकाशा काढा, खऱ्या मापाचा. ५ बाय ८ इंचाच्या कार्डाची चारही बाजूंनी मिळून कड होते २६ इंच. पाव इंचाला एक भोक धरलं आणि कोपरे सोडले, तर जेमतेम शंभर भोकं मिळतात. वरची लांब कड सुईला सगळ्यात सोयीची, म्हणून रोजचे विषय तिथे, एका भोकाला एक अर्थ. उजव्या कडेला मी साल ठेवलं. खालच्या कडेला लेखाचा अनुक्रमांक आणि लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. डावी कड पूर्ण कोरी ठेवा. ही उधळपट्टी वाटेल, पण वर्षभराने तुमचे प्रश्न बदलणार आहेत.

आकड्यांसाठी दहा भोकं लागत नाहीत, चारांत भागतं. त्यांची नावं ७, ४, २, १. तीन हवेत तर २ आणि १ ला खाच; पाचाला ४ आणि १; सहाला ४ आणि २; आठाला ७ आणि १; नवाला ७ आणि २. शून्याला काहीच नाही. ८ ऐवजी ७ का, तर त्यामुळे कुठल्याही आकड्याला दोनपेक्षा जास्त खाचा पडत नाहीत आणि कड मजबूत राहते. १९५३ सालचा लेख म्हणजे दशकाच्या घरात ४ आणि १, एककाच्या घरात २ आणि १. यात एक अडचण आहे, ती आधीच समजून घ्या. फक्त १ हा आकडा हवा म्हणून १ च्या भोकात सुई घातलीत, तर ३, ५ आणि ८ सुद्धा गळतात. मग गळालेल्यांत पुन्हा २, ४ आणि ७ च्या भोकांत सुई घालायची आणि या वेळी सुईवर राहिलेली कार्डं घ्यायची. सगळा गठ्ठा सालवार लावायचा असेल तर मात्र हीच पद्धत सुरेख चालते. एककाच्या घरात १, २, ४, ७ या क्रमाने सुई घाला, दर वेळी गळालेली कार्डं त्यांच्या आपापसातल्या क्रमानेच बाकीच्यांच्या मागे ठेवा, मग दशकाच्या घरात तेच करा. आठ वेळा सुई, आणि गठ्ठा सालाच्या क्रमाने उभा. वरून पाहिलं तर खाचांच्या सरळ चरी दिसतात. एखादं कार्ड चुकीच्या जागी असेल तर चरीत दात पडल्यासारखं दिसतं.

माझ्यासारखे जुने लेखही जमवत असाल तर सालाच्या शेजारी '२००० नंतर' असं एक भोक ठेवा. दोन आकडी सालाने १९२३ आणि २०२३ एकाच ओळीत बसवलेले मी पाहिलेत.

अक्षरांनाही तीच चार भोकं, सोबत पाचवं 'एन ते झेड' असं. ए ते एम ही तेरा अक्षरं १ ते १३ या आकड्यांनी. 'के' अकरावं, म्हणजे ७ आणि ४. 'आर' ला एन-झेडच्या भोकाला खाच आणि एन पासून मोजल्यावर पाचवं म्हणून ४ आणि १. पाच भोकांत सव्वीस अक्षरं. आडनावाची दोन अक्षरं मला हजार कार्डांपर्यंत पुरतील असं वाटतं, तिसऱ्याचा हट्ट नको.

विषय फार असतील आणि भोकं थोडी, तर दुसरी युक्ती मोहात पाडते: प्रत्येक विषयाला एक भोक न देता भोकांची जोडी द्यायची. दहा भोकांतून दोन-दोनच्या ४५ जोड्या होतात, म्हणजे दहाच्या जागी ४५ विषय! कॅल्विन मूअर्स या अमेरिकन माणसाने हा विचार पार टोकाला नेला. 'इन्फर्मेशन रिट्रीव्हल' हा शब्दप्रयोग १९५० मध्ये त्यानेच रूढ केला. त्याच्या झॅटोकोडिंगमध्ये प्रत्येक विषयाला चिठ्ठी टाकून काढल्यासारखे काही भोकांचे यादृच्छिक नमुने दिलेले असत आणि सगळे विषय एकाच जागेत एकावर एक कोरले जात. ४० भोकांतून चार-चार निवडली तर ९१,३९० नमुने होतात. पण फुकट काही नसतं. एका लेखाला १-५ आणि ३-८ अशा दोन जोड्या दिल्यात, तर खाचा चार पडल्या. आता १-३ मागितलं तरी तो लेख गळेल, १-८, ३-५ आणि ५-८ मागितलं तरी गळेल. दोन खऱ्या विषयांमागे चार खोट्या गळत्या. चुकीच्या निकालाला ग्रंथालयशास्त्रात 'फॉल्स ड्रॉप' म्हणतात ते यावरूनच. मूअर्सचं म्हणणं असं, की खोट्या गळत्या थोड्या ठेवता येतात, आणि हातात आलेली चार जादा कार्डं नजरेने बाजूला करणं जड नाही. गणित त्याचं बरोबर आहे. तरी पहिल्याच खोक्याला मी ते करू नका म्हणेन. आपण पाडलेली खाच खोटी की आपली नोंद खोटी, हे सुरुवातीला कळत नाही आणि माणूस पद्धतीवरच रागावतो.

इतकं झाल्यावर बाजारात जा. कार्डशीट २५० जीएसएमच्या आसपासची घ्या. पातळ कागदाची भोकाबाहेरची भिंत फाटते आणि फाटलेली भिंत म्हणजे न मागता पडलेली खाच. भोकं घरी पाडू नका. बाइंडरकडे गठ्ठा शिकंज्यात धरून यंत्राने पाडून घ्या, म्हणजे सगळी एका रेषेत येतात. भोक ३ मिलिमीटरचं, कडेपासून आत साधारण ३ मिलिमीटर. सुई अडीच मिलिमीटर जाडीची, स्टीलची, स्वेटर विणायची. मागे गोल बोंडी असलेली मिळाली तर कार्डं पाठीमागून निसटत नाहीत. दोन सुया घ्या. खाच पाडायला एस.टी. कंडक्टरच्या हातात असायचा तसा तिकिटाचा चिमटा मिळाला तर उत्तम, नाहीतर टोकदार कातरीने दोन काप. तिकिटाचा चिमटा इथे अगदीच उपरा नाही. रेल्वेचा कंडक्टर तिकिटावर भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचा, त्यावरून आपल्याला कल्पना सुचली, असं होलेरिथनेच सांगून ठेवलंय.

गठ्ठा हातात आल्यावर प्रत्येक कार्डाचा उजवा वरचा कोपरा तिरपा कापा. कंटाळवाणं काम आहे, टाळू नका. उलटं बसलेलं एकच कार्ड असलं तरी कापलेल्या कोपऱ्यांच्या रांगेत त्याचा शाबूत कोपरा लगेच बाहेर डोकावतो.

पहिलं कार्ड किल्लीचं. त्याला एकही खाच पाडायची नाही, फक्त प्रत्येक भोकाशेजारी बारीक अक्षरात अर्थ लिहायचा. त्याची एक प्रत वहीत, एक खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली. किल्ली हरवली तर पुढच्या माणसाच्या हाती फक्त झालर लावलेले कागद राहतील.

मग लिहिणं. कार्डावर आधी लेखक, नियतकालिक, खंड, पान, साल, सगळं पूर्ण. त्याखाली स्वतःच्या दोन ओळी: यात काय सापडलं, कशावर विश्वास बसला नाही. शेवटी लेखाची प्रत कुठे आहे तो अनुक्रमांक. लेखांच्या प्रती फायलींमध्ये नुसत्या त्या अनुक्रमांकाने ठेवा, विषयवार लावू नका. विषय सांभाळायला आता कार्डं आहेत. खाचा पाडण्याआधी त्या भोकांवर पेन्सिलीने टिंब करा, किल्लीशी ताडून पाहा, आणि मगच चिमटा चालवा. पेन्सिल खोडता येते, खाच बुजत नाही. चुकलीच तर डिंकाची पट्टी चिकटवून नवं भोक पाडता येतं, पण पट्टीने कार्ड जाड होतं आणि गळायच्या वेळी शेजाऱ्याला धरून बसतं. तीनपेक्षा जास्त पट्ट्या लागल्या तर कार्ड नवं लिहा.

आधी फक्त पन्नास कार्डं करा आणि वहीतले प्रश्न त्यांना विचारा. 'खारं पाणी आणि अवरोधक (म्हणजे ते गंज रोखणारं रसायन)' हवं असेल तर दोन्ही भोकांत एकदम दोन सुया; गळेल ते दोन्ही असलेलं. 'हे किंवा ते' हवं असेल तर एक सुई, गळालेली बाजूला, उरलेल्यांत दुसरी, आणि दोन्ही ढीग एकत्र. 'हे नको' असेल तर सुईवर लटकलेली कार्डंच तुमचं उत्तर. एका वेळी बोटभर जाडीचाच गठ्ठा उचला, कडा टेबलावर ठोकून सारख्या करा, आणि हलवताना पत्त्यांसारखा किंचित पंखा करा, नाहीतर खाच असलेलं कार्डही शेजाऱ्याला चिकटून वरच राहतं. जुलैत माझी अर्धी कार्डं अशीच दमट होऊन चिकटली होती. तांदळाच्या डब्याशेजारी ठेवून काही झालं नाही. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यावर सुटली.

पन्नासांत जे प्रश्न अडले त्यांच्यासाठी डाव्या कोऱ्या कडेवरची भोकं वाटा, किल्लीत तारखेसह लिहा, आणि मग उरलेली कार्डं. संग्रह दोन-तीन हजारांवर जाईल असं आजच दिसत असेल तर मात्र ही पद्धतच नको. मुठीमुठीने सगळा ढीग उपसायला वेळ लागतो. ब्रिटनच्या इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये बॅटन यांनी पेटंटांसाठी काढलेली उलटी रीत अशा वेळी बरी. तिथे कार्ड लेखाचं नसतं, विषयाचं असतं. कार्डावर चौकटी आखलेल्या, प्रत्येक चौकट म्हणजे एका पेटंटाचा क्रमांक, आणि विषय लागू असेल तिथे भोक. दोन विषयांची कार्डं एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायची. जिथून उजेड येतो ते क्रमांक तुमचे. ते खोकं जमलं तर त्याची यादी वेगळी लिहीन.

आणि खाचा पाडायला बसताना खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. ते अर्धचंद्राचे बारीक तुकडे सतरंजीतून निघत नाहीत.