देवाचं मार्गदर्शन मागताना या चुका टाळा

गेली बावीस वर्षं आमच्या वानवडीच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरते. सभा संपून चहा झाला की कुणीतरी हमखास मागे रेंगाळतं. "काका, प्रभूची इच्छा कशी ओळखायची हो?" प्रश्न चांगलाच आहे. पण पाच मिनिटं बोललं की कळतं, राजीनामा लिहून झालाय, फ्लॅटचं टोकन भरलंय, मुलीकडच्यांना होकारही कळवलाय. आता फक्त वर देवाची सही हवी आहे.

सगळ्यात मोठी चूक हीच. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४२ वा अध्याय नीट वाचा. यरुशलेम पडल्यावर मागे उरलेले लोक मिसरात, म्हणजे इजिप्तला, पळून जायला निघाले होते, बेथलेहेमाजवळ त्यांचा मुक्कामही पडला होता. तिथून ते यिर्मयाकडे आले. देवाला विचार, तो बरं सांगो की वाईट, आम्ही ऐकू, असं म्हणाले. उत्तर यायला दहा दिवस लागले. संदेष्ट्याला दहा दिवस थांबावं लागतं, आणि आमची तरुण मुलं रविवारी विचारतात नि सोमवारी सकाळी अस्वस्थ होतात. उत्तर आलं ते असं: इथेच राहा, मिसरात जाऊ नका. त्यावर लोक म्हणाले, तू खोटं बोलतोस. मग ते गेलेच, आणि यिर्मयालाही बरोबर घेऊन गेले.

हे मी भोगलेलं आहे. २००८ साली दौंड रस्त्याच्या बाजूला दोन गुंठ्यांचा तुकडा विकायला असल्याचं कळलं. जागा पाहिली आणि तिथे उभ्या उभ्या मी मनात घर बांधून टाकलं. बायको म्हणाली, "अहो, आधी सातबारा काढा, वकिलांना दाखवा." मी म्हणालो, प्रार्थना करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. उत्पत्ती १३:१७. ऊठ, या देशाच्या लांबीरुंदीतून फिर, तो मी तुला देईन. मला रडू आलं. बायकोला सांगितलं, प्रभूने वचन दिलंय. त्यानंतर ती काही बोलली नाही.

साडेतीन लाख दिले. नंतर कळलं की जमीन शेतीची, बिगरशेती झालेलीच नाही. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातल्या बहिणींच्या सह्याच नाहीत. शिवाय तुकडेबंदीमुळे दोन गुंठे माझ्या नावावर चढणार नव्हतेच. चार वर्षं खेटे घालून निम्मे पैसे सुटले. पण खरं लागलं ते बायकोचं एक वाक्य. "तुम्हाला माझं ऐकायचं नव्हतं, म्हणून देवाला मध्ये घेतलंत." त्या दिवशी मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. अब्राहामाला ते वचन मिळालं कधी? चांगली जमीन आधी पुतण्या लोटाला निवडू दिल्यावर, स्वतःचा हक्क सोडल्यावर. मी सोडलं काहीच नव्हतं, फक्त बोट ठेवलं होतं.

तेव्हापासून शास्त्र मधूनच उघडून उत्तर शोधणं मी बंद केलं. एक पुस्तक घेतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो, समासात पेन्सिलीने तारीख टाकतो. पैशाचा किंवा नात्याचा निर्णय असेल तर वहीत पहिल्या ओळीत लिहितो, मला कोणतं उत्तर हवं आहे. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढे प्रार्थना करत नाही. मग कमीत कमी दहा दिवस. आणि सातबारा, डॉक्टरचा रिपोर्ट, बायकोची शंका ह्यासुद्धा देवाच्याच वाटा आहेत, असं मी आता मानतो.

"प्रभूने मला सांगितलं" हे वाक्य जपून वापरा. ते उच्चारलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात रात्री दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण मासेदोनियाला जायचं अनुमान "आम्ही" काढलं, असं लिहिलंय. सगळ्यांनी मिळून. सर्व गोष्टींची पारख करा, असं तोच पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. मी मंडळीत एवढंच म्हणतो, मला असं वाटतंय, तुम्ही पारखून बघा.

गिदोनाने देवाकडे खूण मागायला रात्री लोकर पसरली होती, तशी लोकर पसरू नका. त्याला काय करायचं ते आधीच सांगून झालं होतं, लोकर त्याच्या भीतीपोटी होती.

मनाला शांती वाटली म्हणजे वाट बरोबर, असंही नाही. योना देवापासून पळताना तारवात गाढ झोपला होता.

पैसे घेऊन फोनवर भविष्यवाणी सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

गडगडाटाची वाट पाहत बसू नका. लहानग्या शमुवेलाला देवाची हाक त्याला सांभाळणाऱ्या एली याजकाची वाटली, तीनदा. म्हणजे ती घरातल्या माणसाच्या हाकेसारखीच होती.

आज्ञापालनाबद्दल मला जास्त कळकळ आहे. आम्ही कधी कधी लोकल धरून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला जातो. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. ज्यांनी ती भूक पाहिली होती त्यांना वेगळी खूण मागावी लागली नसेल, असं मला नेहमी वाटतं. पुढे शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत भाषांतराचं काम करत राहिल्या. देवाने सांगितलेलं काम म्हणजे बहुतेक वेळा असं असतं, रोज सकाळी उठून पुन्हा तेच. नव्याने विश्वासात आलेल्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो. त्यांना दर आठवड्याला नवा शब्द हवा असतो.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा तीन महिने एकच विचारत होता, दुबईची नोकरी घेऊ का. मी म्हणालो, देवाने शेवटचं स्पष्ट काय सांगितलं होतं तुला? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, थोरल्या भावाशी बोल. घराच्या वाटणीवरून दोन वर्षं अबोला होता, भाऊ हडपसरला, म्हणजे वानवडीपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलेलंच आहे. त्यासाठी वेगळं मार्गदर्शन लागत नाही, असं मी म्हणालो. त्याला राग आला. तीन गुरुवार फिरकला नाही.

चौथ्या गुरुवारी आला, दाराजवळ बसला. चहाच्या वेळी म्हणाला, "काका, जाऊन आलो. दादाने दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. पुढच्या रविवारी परत जातो." दुबईचं त्याने विचारलं नाही, मीही काढलं नाही.