पोनी उधळतोय? आधी खोगीर काढून बघा

पोनी पाय झाडायला लागला की लोक कडक लगाम आणतात, चाबूक आणतात, नाहीतर त्याला विकायला काढतात. खोगिराखालची पाठ मात्र कुणी बघत नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे वाढत्या अंगाचं खोगीर. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला 15 इंची सीट पुरते, पण शाळेच्या युनिफॉर्मसारखं ‘पुढं होईल की’ म्हणत पालक 17 इंची उचलतात. पोनीचं काय? खोगिराची जागा खांद्याच्या हाडामागे सुरू होते आणि शेवटच्या बरगडीपाशी संपते. छोट्या पोनीची ही जागा मुळातच आखूड. मोठं खोगीर मागे कमरेवर जातं आणि तिथं खाली आधाराला बरगड्याच नसतात.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचा पोनी असाच ‘बिघडला’ होता. कँटरला, म्हणजे हलक्या दौडीला, निघाला की मागचे पाय झाडायचा. कुणाच्या तरी सल्ल्यानं वडिलांनी कडक लगाम आणला, तर तो मानही फेकायला लागला. म्हटलं, “सर, आज चांगला घाम येईपर्यंत चालवू आणि खोगीर तुमच्यासमोर काढू.” काढलं. पाठ भिजलेली, पण मागे कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे चट्टे. दाब इतका की तिथं घामच फुटला नव्हता. मी बोटं टेकवली तशी त्यानं पाठ खाली सोडली. “म्हणजे दुखत होतं याला?” वडील म्हणाले. दुखत होतंच. आधी पाठीला पुरती विश्रांती दिली, मग 15 इंची खोगीर. लाथा थांबल्या, पण त्या जागी उगवलेले पांढरे केस अजून तसेच आहेत.

दुसरा लाडका उपाय म्हणजे जाड नमदा, खोगिराखाली घालायची गादी. खोगीर अरुंद असेल तर नमदा घालून ते आणखी आवळतं. अरुंद खोगीर पुढून वर उचललं जातं, स्वार मागे घसरतो. रुंद असेल तर पुढचा भाग विदर्सवर, म्हणजे आयाळ संपते त्या उंचवट्यावर, बसतो. ट्री, म्हणजे खोगिराच्या आतला सांगाडा, चुकली असेल तर खाली कितीही खोगीरभरती करा, उपयोग शून्य.

मी नमदा न घालताच तपासते. सपाट जमीन, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा आवळलेला, मूल वर बसलेलं. विदर्स आणि खोगिराची कमान यांच्यात दोन-तीन बोटं गेलीच पाहिजेत. कण्यावरून मागपर्यंत उजेड आरपार दिसला पाहिजे. रिकामं खोगीर सगळ्यांनाच छान बसतं, त्यावर जाऊ नका. मुलाच्या मागे सीटवर एक आडवा तळहात मावला की माप बरोबर.

ऑनलाइन फोटो बघून खोगीर मागवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. कानपूरला उत्तम खोगिरं बनतात, पण कारागिराला तुमच्या पोनीची पाठ स्वप्नात दिसत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात ड्रॉइंगची वाकणारी पट्टी मिळते. ती खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटांवर आडवी दाबा, आकार पुठ्ठ्यावर उतरवा, तारीख घाला आणि तो पुठ्ठा पाठवा.

गोल पोटाच्या पोनीवर खोगीर पुढे सरकतं. तंग जीव जाईपर्यंत आवळू नका, दुमची, म्हणजे शेपटीखालून खोगिराला बांधायचा पट्टा, लावा.

रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, बुटापेक्षा दोन्ही बाजूंना जवळपास एका बोटाच्या जाडीएवढी रुंद हवी. लहान मुलाला मोठ्यांची रिकीब देऊ नका, अख्खा पाय आत जातो.

सेकंडहँड घेताना पुढची कमान दोन्ही हातांनी दाबा. कुरकुरली किंवा हलली तर फुकटही घेऊ नका.

चढायला स्टूल वापरा. रोज डावीकडून लटकून चढलं की खोगीर पिळतं आणि पोनीची पाठही.

आणि एकदा बसलं म्हणजे कायमचं बसलं, असं नसतं. पावसाळाभर उभ्यानं खाल्लेल्या पोनीची पाठ दिवाळीत तीच राहत नाही. पट्टीनं नवा आकार काढा आणि जुन्या पुठ्ठ्यावर ठेवून बघा.