पेठेतल्या वल्ली कागदावर कशा आणाव्यात

सोलापूरच्या प्रत्येक पेठेत एक तरी वल्ली असते. कुणी न सांगता चौकात उभा राहून वाहनं सोडणारा, जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या काठ्यांपुढं दिवसभर नाचणारा, हॉटेलच्या एकाच बाकावर बसून कालचा पेपर मोठ्यानं वाचणारा, पिशवीत चिंध्या गोळा करत बाळीवेस ते कन्ना चौक फिरणारी. असं माणूस गेलं की चार दिवस पानपट्टीवर हळहळ होते. वीस वर्षांनी उरतं ते एक टोपणनाव आणि एक किस्सा. किस्सा हसवतो म्हणून टिकतो. ते माणूस कुठं झोपायचं, भाकरी कोण द्यायचं, पावसाळ्यात अंगावर काय असायचं, यानं कुणी हसत नाही, म्हणून ते आधी पुसलं जातं. नोंद करायची ती याचीच.

सामान थोडं लागतं: दोनशेपानी वही, फोन, आणि आपल्या पेठेच्या नकाशाची मोठी प्रिंट. एका वेळी एकच पेठ घ्या. अख्खं सोलापूर घ्यायला गेलं की सगळीकडचे तेच तेच दोन-तीन प्रसिद्ध चेहरे हाती येतात आणि गल्लीतली माणसं निसटतात. एका पेठेसाठी पंधरा-वीस सांगणारे आणि साधारण तीन महिने धरा.

आधी वाट विचारा

"तुमच्या भागात वेडं कोण होतं?" हा प्रश्न कधीच विचारू नका. समोरचा एकतर अवघडतो, नाहीतर लगेच नक्कल करून दाखवतो, आणि पुढचा अर्धा तास नकलेतच जातो. त्याऐवजी विचारा, "मिलला कुठल्या वाटेनं जायचा?" किंवा "शाळेला कुठून जायचा?" माणूस मनातल्या मनात चालायला लागला की वळणावळणावर कोण उभं असायचं ते आपसूक सांगतो. नकाशा पुढ्यात ठेवा आणि त्याच्या बोटाच्या मागं पेन्सिल फिरवा. जागांची नावं तो सांगेल तशीच लिहा आणि आजचं नाव शेजारी. लोक 'चार पुतळा' म्हणतात, 'जुनी मिल' म्हणतात. तिथं आता दुसरं काही उभं असलं तरी आठवण त्या जुन्या नावालाच बांधलेली असते.

कुणाला विचारायचं हे निम्मं काम आहे. न्हाव्याला नक्की भेटा. अशा लोकांचे केस-दाढी बऱ्याचदा एखादा न्हावी फुकट करून द्यायचा, त्यामुळं अंगावरच्या खुणा, जखमा, कुठला हात वाकडा होता, हे त्याला ठाऊक असतं. टॉकीजचे जुने डोअरकीपर, तासावर सायकल देणारे, पिठाच्या गिरणीवाले, रिक्षा स्टँडवरचे म्हातारे, सकाळी पेपर टाकणारे हेही कामाचे. रिक्षावाल्याला माणसाचा फेरा माहीत असतो, पेपरवाल्याला तो कुठं झोपायचा ते, कारण पहाटे पाचला रस्त्यावर दुसरं कुणीच नसतं.

बायकांना विचारल्याशिवाय नोंद पुरी धरू नका. चौकातल्या गप्पांत पुरुष वल्लींची नावं भराभर येतात आणि बाईचा उल्लेख 'ती येडी' एवढ्यावर संपतो. विडी वळणाऱ्या बायकांना, दारात बसून शेंगा निवडणाऱ्या आज्यांना विचारा. तिला गाव कुठलं होतं, लेकरू होतं का, रात्री कुणाच्या ओट्यावर निजायची, याची उत्तरं तिथंच मिळतात. फक्त नळाला पाणी यायच्या दिवशी कुणाच्या दारात जाऊ नका. पाणी काही दिवसांआड येतं, त्या दिवशी कुणालाही बोलायला सवड नसते.

एक धागा धरून खाली उतरा

समजा एकानं सांगितलं, "चौकात एक शिट्टीवाला होता, ट्रॅफिक सोडायचा." बहुतेक जण एवढं लिहून पुढं जातात. इथं थांबा आणि शिट्टीवरच राहा. पत्र्याची होती की प्लास्टिकची? दोरी गळ्यात की मनगटाला? शिट्टी हरवली तर नवी कोण आणून द्यायचं? आत वाटाण्याएवढी गोळी असलेली शिट्टी थुंकीनं जड होऊन वाजेनाशी होते, तेव्हा तो काय करायचा? हात उजवा दाखवायचा की डावा? खरा पोलीस आला की बाजूला व्हायचा, की दोघं मिळून उभे राहायचे? दुपारी उन्हात कुठं जायचा? सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा, डांबरावर अनवाणी उभं राहता येत नाही. मग पायात काय होतं? अशा आठ-दहा प्रश्नांत कळतं की चप्पल समोरच्या दुकानदारानं दिली होती, आणि त्या दुकानदाराचा मुलगा अजून आहे. तो तुमचा पुढचा साक्षीदार. वस्तूवरून माणूस सापडतो, म्हणून पिशवी, टोपी, काठी, बिल्ले, डबा यांच्याबद्दल इतकं खोदून विचारायचं.

काळ कसा ठरवायचा

साल कुणालाच आठवत नाही, आणि आग्रह केला तर लोक अंदाजे काहीतरी ठोकून देतात. त्यापेक्षा सगळ्यांना माहीत असलेल्या खुंट्या वापरा. सुकडी वाटली जायची तेव्हा तो होता का? (१९७२चा दुष्काळ.) किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे सगळे रस्त्यावर आले तेव्हा तो कुठं होता? (३० सप्टेंबर १९९३.) नगरपालिकेची महानगरपालिका झाली (१९६४), विद्यापीठ आलं (२००४), लॉकडाऊन लागलं (२०२०), याच्या आधी की नंतर? त्यात सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय मिळवा: "तुम्ही हाफ चड्डीत होता की पँटमध्ये?"

'मिल बंद पडली तेव्हा' हे सर्वांत घोटाळ्याचं वाक्य आहे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या काही एका साली बंद पडल्या नाहीत. त्यांच्यात दशकांचं अंतर आहे. कुठली मिल, हे प्रत्येक वेळी विचारा. तेच 'भोंगा झाला की यायचा' याचं. कुठल्या मिलचा आणि कितव्या पाळीचा, हे कळल्याशिवाय त्यातून वेळ काढता येत नाही.

चार भाषांतला एकच माणूस

सोलापुरात हे काम अवघड होतं ते भाषांमुळं, आणि गोडीही त्यातच आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारे एकाच रस्त्यावर राहतात. एकाच माणसाला एका गल्लीत अप्पा, तेलुगू विणकरांच्या पूर्व भागात ताता आणि पुढच्या मोहल्ल्यात चाचा म्हटलं जातं. वेड्याला कन्नड बोलणारा 'हुच्च' म्हणेल, तेलुगू बोलणारा 'पिच्चि', आणि वहीत दोन वेगळी माणसं तयार होतील. उलटंही होतं: एकाच टोपणनावाची, तीस वर्षांच्या अंतरानं झालेली दोन माणसं एक होऊन बसतात. उंची, चालण्याची ढब, हातातली वस्तू आणि फिरण्याचा रस्ता या चारांपैकी तीन जुळल्याशिवाय दोन नोंदी एकत्र करू नका.

त्यांची ठरलेली वाक्यं, आरोळ्या, शिव्या त्या-त्या भाषेतच ठेवा. सांगणाऱ्याला आधी सावकाश दोनदा आणि मग नेहमीच्या वेगानं म्हणायला लावा. कन्नड-तेलुगू वाक्य ती भाषा येणाऱ्याकडून तिच्या लिपीत लिहून घ्या, खाली देवनागरीत उच्चार. मराठीही पुस्तकी करू नका. 'येऊलालो', 'काय करलालास बे' असं तो म्हणत असेल तर वहीतही तेच यायला हवं. 'बे' काढून टाकला की तो सोलापूरचा राहत नाही.

रेकॉर्डिंग

सुरुवातीला परवानगी विचारा आणि ती 'हो'सुद्धा रेकॉर्ड होऊ द्या. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, खाली दुमडलेला रुमाल, म्हणजे टेबलाची घरघर येत नाही. तीस सेकंद घेऊन ऐकून बघा, मगच पुढं. पूर्व भागात घरात माग चालू असतो. खटखटीत आवाज हरवतो म्हणून माग बंद करायला सांगू नका, ती त्यांची रोजी आहे. मागच्या खोलीत किंवा गच्चीवर बसा. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत उरका, गच्चीवर फोन तापून रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. तासाभराचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात, तेव्हा आठवड्याला दोनपेक्षा जास्त बैठका ठेवू नका, साचत जातात.

लहानपणी दगड मारल्याचं, चिडवल्याचं सांगताना लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. त्या वेळी पुढचा प्रश्न टाकू नका. दहा सेकंद थांबा. यानंतर जे येतं ते बहुतेक वेळा पूर्ण बैठकीतलं सर्वांत खरं असतं. चिडवणं नोंदीतून गाळू नका. तेही शहरानं केलेलं आहे.

किस्सा पारखून घ्या

काही गोष्टी गावोगावी फिरतात आणि जो वल्ली भेटेल त्याला चिकटतात. 'फार शिकला म्हणून डोक्यावर परिणाम झाला', 'इंजिनियर होता', 'लग्न मोडलं तेव्हापासून असा', 'मेल्यावर गोधडीत नोटांची पुडकी निघाली'. खोट्याच असतील असं नाही, पण प्रत्येकीला एक खुंटी मागा: कुठली शाळा, बाकावर शेजारी कोण, नोटा कुणी मोजल्या? खुंटी मिळाली नाही तर 'असं लोक म्हणत' या सदरात टाका. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन उभे भाग करा: स्वतः पाहिलेलं, पाहिलेल्याकडून ऐकलेलं, नुसतं कानावर आलेलं. एकमेकांना न भेटलेल्या तीन जणांनी सांगितलं तर पक्कं धरा.

म्हणूनच काम चालू असताना व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही टाकू नका. एकदा मजकूर फिरला की नंतरचा प्रत्येक जण तोच तुम्हाला परत सांगतो, आणि आपण तो वाचलेला आहे हे त्याला आठवतही नाही.

मृत्यूची तारीख हवी असेल तर स्थानिक दैनिकांचे जुने अंक बघा, पण आधी ऋतू ठरवा. 'यात्रेच्या आधी' एवढं कळलं तरी डिसेंबर-जानेवारीच्या दोन महिन्यांच्या फायलींवर भागतं. बातमी आतल्या पानावर तीन-चार ओळींची असते. हिराचंद नेमचंद वाचनालयात कुठल्या सालच्या फायली बघायला मिळतात ते आधी विचारून जा.

फोटो त्यांच्या नावानं सापडत नाहीत, दुसऱ्यांच्या फोटोत मागं सापडतात. वराती, गणेश मंडळांच्या स्मरणिका, नंदीध्वजांची मिरवणूक, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव यांचे अल्बम भिंगातून कडेकडेनं बघा. छापील फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, निगेटिव्ह २४०० वर. फोटोच्या मागची अक्षरंही स्कॅन करा. काच लावलेला फोटो फ्रेममधून ओढून काढू नका. जुना फोटो काचेला चिकटलेला असतो, वरचा थर निघून येतो.

जे अजून आहेत, आणि ज्यांचे घरचे आहेत

आजार ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. 'वेडसर' लिहू नका. 'भिंतीशी बोलायचा, पाऊस आला की ओरडायचा' असं जे दिसलं ते लिहा. टोपणनाव सगळ्यांचं आहे, पण खरं नाव, आडनाव, जात आणि घर हे कुटुंबानं होकार दिल्याशिवाय छापू नका. शिवीसारखं टोपणनाव असेल तर शीर्षकाला घेऊ नका, आत एकदा यावं.

जिवंत माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि त्याला बोलतं करण्यासाठी चिडवू तर मुळीच नका. तो आजारी, उपाशी किंवा जखमी दिसला तर वही बाजूला ठेवायची. मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेलि-मानसचा क्रमांक १४४१६, ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७. रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासायला नेणं ही मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार पोलिसांची जबाबदारी आहे. ठाण्यात जाऊन तसं सांगता येतं.

एका व्यक्तीला दोन पानं पुरतात: सगळ्या भाषांतली नावं, काळ, दिवसाचा फेरा वेळेसकट, अंगावरचं आणि हातातलं, ठरलेली वाक्यं, कोण खाऊ घालायचं, कुठं झोपणं, शेवट कसा झाला, कुणी खांदा दिला. माहीत नसलेला रकाना मोकळाच ठेवा, तो बघून पुढच्या माणसाला आठवतं. फाइलच्या नावात पेठ, टोपणनाव आणि तारीख घाला. तीन प्रती करा: एक पेनड्राइव्हवर, एक हार्डडिस्कवर, आणि एक सोलापूरबाहेर. पेठेतल्या कुणाचा तरी मुलगा पुण्यात असतोच, त्याच्याकडं द्या. छापायचं झालं तर बत्तीस पानांची पुस्तिका करा, अक्षर १६ पॉइंटचं, कारण वाचणारे सत्तरीतले असणार.

छापण्याआधी कच्ची प्रत घेऊन ज्यांनी भाकरी दिली, अंघोळ घातली, ओटा दिला त्यांच्या घरी जा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. निम्म्या दुरुस्त्या तिथं होतात: "चहा नाही, तो दूधच प्यायचा, बिनसाखरेचं." दुरुस्ती आली तर जुनं वाक्य खोडू नका. खाली तारीख घालून नवं लिहा, आणि कुणी सांगितलं तेही.