भाषणासाठी कमलाबाई गोखले निवडल्या असतील तर

आमच्या मिरजेतल्या शाळेत मुली वक्तृत्वासाठी विषय मागायला आल्या की मी हटकून कमलाबाई गोखले सुचवते. पण बहुतेक भाषणं ‘भारतीय चित्रपटातल्या पहिल्या अभिनेत्रींपैकी एक’ म्हणून सुरू होतात, लगेच फाळक्यांच्या गोष्टीत शिरतात आणि बाई मागे राहतात. म्हणून सुरुवात नाटकापासून करा. आई दुर्गाबाई कामत रंगभूमीवर काम करायच्या आणि कमलाही अगदी लहानपणापासून त्यांच्याबरोबर उभी राहिली. घरंदाज बाईनं तोंडाला रंग लावणं लोकांना खपत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातली तारामती साळुंके या पुरुषानं केली, हे इथेच सांगून टाका. मग त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई पार्वती आणि कमला मोहिनी झाली, याचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माहिती शोधताना कामत आणि गोखले, दोन्ही आडनावं घाला. चित्रपटाच्या वेळी ती कामत होती. नट रघुनाथराव गोखले यांच्याशी लग्न नंतरचं. काळाची पार्श्वभूमी हवी असेल तर वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशातली ‘चित्रपट’ ही नोंद आधी वाचा. रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ हा माहितीपट मिळाला तर जरूर बघा. त्यात म्हातारपणीच्या कमलाबाई स्वतः बोलतात, आणि त्यांचा आवाज एकदा ऐकला की भाषणातली पुस्तकी वाक्यं आपोआप गळतात.

‘मोहिनी भस्मासुर’ पूर्ण पाहायला मिळत नाही. मूकपटातला अभिनय समजून घ्यायला फाळक्यांचाच ‘कालिया मर्दन’ (१९१९) पाहा. सुरुवातीलाच त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्यानं एकामागून एक भाव दाखवते. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहा. डोळे आधी हलतात की ओठ, मान कधी वळते, हे टिपून ठेवा. माणसं भराभर चालताना दिसली तर हसू नका. तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचे आणि ती चित्रं आजच्या वेगानं दाखवली की पळतात. मग आरशासमोर उभं राहून एक भाव शब्दाशिवाय करून बघा. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेल्या मुलीचा आवाजच काढून घेतला, तेव्हा तिनं काय केलं असेल, ते तुम्हाला तिथे कळेल.

पाच मिनिटांच्या भाषणात चित्रपटाला दोन मिनिटं पुरेत. उरलेली त्यांच्या पुढच्या आयुष्याला द्या, कारण मला ते जास्त मोठं वाटतं. रघुनाथराव लवकर गेले. पदरी तीन मुलगे. कमलाबाई रंगभूमीवर काम करत राहिल्या, पुरुषांच्या भूमिकाही केल्या, आणि घर चालवलं. मोठे चंद्रकांत गोखले अभिनेते झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. विक्रम गोखले त्यांचे नातू. चंद्रकांत यांचा जन्म १९२१ साली आपल्या मिरजेतच झाला; इथल्या स्पर्धेत हे वाक्य ठळकपणे, घाई न करता म्हणा.